वीस मिनिटांची सुई

खैरुन सिस्टरला सुई देताना कधी घाई करताना पाहिलं, असं कोणी सांगितलं तर तो माणूस खोटं बोलतो आहे असं खुशाल समजावं. निदान ९३ सालानंतर तरी. आमच्या गावात तिला 'हळूबाई' म्हणत. पोरं म्हणत, मोठी माणसंही म्हणत, आणि एकदा एका सभापतीनं तिच्या तोंडावर म्हटलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. त्याच्या दंडातली सुई तिनं जशी चालली होती तशीच चालू ठेवली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. आरमोरी आणि ब्रह्मपुरीच्या मधे कुठंतरी आहे, वैनगंगेच्या अलीकडे की पलीकडे तेही सांगत नाही. नाव लिहिलं तर चार जण भांडायला येतील, आणि त्यातले दोन माझ्या सासरचे असतील. तीस खाटांचा सरकारी दवाखाना. मी तिथं औषधं वाटायच्या खिडकीत बसायचो. रामाजी कंपाउंडर म्हणत मला. कागदोपत्री माझं पद बरंच भारदस्त होतं, पण कागद कोण वाचतो? हे वाक्य मी सहज लिहिलं खरं. त्यातलं दुखणं पुढं येईल.

खैरुन ब्रह्मपुरीची. बाप शिंपी, भाऊ मुश्ताकही शिंपी. पोरगी नर्सिंग शिकून सरकारी नोकरीत लागली याचा मुश्ताकला अभिमान होता, पण तो गणवेश शिवून देण्यापुरता. लग्न चंद्रपूरच्या अकरमशी झालं होतं. त्यानं निरोप पाठवला, नोकरी सोड आणि घरी ये. हिनं उलट निरोप पाठवला, बदली करून घेते, थोडं थांब. तो थांबला नाही. दुसरी केली. ही सगळी हकिकत तिनं मला एकदाच सांगितली, गोळ्यांची यादी वाचावी तशी, आणि मग विचारलं की ओ.आर.एस.ची पाकिटं आली का.

दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये ती एकटी राहायची. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बाजूला सरकारी हातपंप. पंपावर येणाऱ्या बाया दोन शब्द बोलत आणि हंडा उचलून जात. मी कधी तिकडून गेलो तर तिला तशी बसलेली पाहून मला वाईट वाटायचं. पण बायको काय म्हणेल, लोक काय म्हणतील, म्हणून मी सायकलवरून उतरत नसे. वाईट वाटून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आता ९३ सालचं सांगतो. सप्टेंबर महिना होता. आमच्याकडे सप्टेंबर म्हणजे मलेरिया. मेंदूत चढणारा मलेरिया, ज्यात माणूस बरळतो आणि मग त्याला झटके सुरू होतात. सकाळी दहाच्या सुमाराला वारलू नावाचा शेतकरी आपल्या बायकोला बैलबंडीत घालून घेऊन आला. तिचं नाव गिरजाबाई. चार तास झटके चालू होते. वाटेत लोकांनी जे करायचं ते सगळं केलं होतं: कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, मुठीत लोखंडी किल्ली दिली. बंडीच्या मागच्या टोकाला तिची अकरा वर्षांची पोरगी दिव्यानी आईचे पाय धरून बसली होती. पाय आवरत नव्हते, तरी तिनं सोडले नव्हते.

तेव्हाच्या डॉक्टरसाहेबांनी झटक्याचं नेहमीचं इंजेक्शन दिलं. फरक पडला नाही. मग दुसरं मागवलं, फेनिटॉइन. जिल्ह्याहून नवीनच आलेलं, आमच्याकडे आधी कोणी वापरलेलं नव्हतं. मी खोका घेऊन धावत गेलो. दहा ॲम्प्युल फोडल्या, उकळलेल्या काचेच्या मोठ्या सिरिंजमध्ये भरल्या. शिरेत सुई खैरुननं लावली होती. साहेब ओरडले, "बघतेस काय, ढकल लवकर!" तिनं ढकललं. दोन मिनिटं लागली असतील, नसतीलही.

आणि झटका थांबला.

आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला. वारलूनं हात जोडले. गिरजाबाईचा चेहरा चार तासांत पहिल्यांदा शांत झाला होता. मग खैरुननं नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, दुसऱ्या हाताची पाहिली. रक्तदाब लागेना. साहेबांनी छाती दाबली, आणखी एक सुई दिली. पाव तासात सगळं आटोपलं. केसपेपरवर मेंदूचा मलेरिया लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. ती मलेरियानं गेली की सुईच्या घाईनं, हे त्या दिवशी कोणी सांगू शकलं नसतं आणि आजही सांगता येणार नाही. पण खैरुनच्या अंगठ्याखाली त्या सिरिंजचा दट्ट्या होता आणि तिच्या बोटांखाली ती नाडी होती. तिला सांगायला कोणी लागलंच नाही.

वारलू बाहेर आला आणि खैरुनच्या पाया पडला. "बाई, तिचे हाल पाहवत नव्हते. तुमी तिले शांत केलं. देवासारख्या धावल्या." खैरुन मागं सरकत सरकत भिंतीला लागली. वारलूला वाटलं, बाईला आपल्यासारखंच दुःख झालं आहे.

तेरवीला तिला बोलावणं आलं. गेली. मग दिवाळीला आलं, मग पोळ्याला. नवीन धान निघालं की वारलू पहिली पायली तिच्या क्वार्टरवर ठेवून जायचा. दिव्यानी शाळा सुटली की तिच्याकडे यायची. खैरुन तिच्या वेण्या घालायची, गणितं सोडवून घ्यायची, सुटीच्या दिवशी दोघी मिळून शेवया करायच्या. पोरगी तिला मावशी म्हणायची. सख्ख्या भाच्यांनी, म्हणजे मुश्ताकच्या मुलांनी, कधी इतक्या हक्कानं तिच्या फळीवरचा डबा उघडला नसेल. दारातल्या खुर्चीशेजारी आता एक पाट दिसायचा आणि हातपंपावरून त्या दोघींचं हसणं ऐकू यायचं. लोक म्हणत, बघा, जातीची ना पातीची, पण पोरीला आई मिळाली.

आता माझं. औषधाच्या खोक्यात एक घडी केलेला कागद असतो, बारीक इंग्रजीत छापलेला. तो मी कधी टाकून देत नसे. सरकार आम्हाला गोळ्या द्यायचं, पण गोळ्या बांधून द्यायला पाकिटं द्यायचं नाही. मग मी ते कागद चौकोनी फाडून क्लोरोक्विनच्या पुड्या बांधायचो. पांढरा, स्वच्छ, कडक कागद. माझ्या पुड्यांचं कौतुक व्हायचं. तालुक्यात अशी पुडी कोणी बांधत नसे.

९४ च्या उन्हाळ्यात खैरुन एका रोग्याची पुडी उलगडून माझ्या खिडकीशी आली. कागदावरचं औषधाचं नाव तिनं ओळखलं होतं. "रामाजीभाऊ, हे मले वाचून सांगा. पूर्ण." मी वाचलं. शिरेतून देताना एका मिनिटात पन्नास मिलिग्रामच्या वर देऊ नये. नाडी आणि रक्तदाब सारखा पाहत राहावा. घाईनं दिल्यास रक्तदाब एकदम पडतो, हृदय थांबू शकतं. ग्लुकोजच्या बाटलीत मिसळू नये, साध्या सलाईनमध्येच द्यावं. तिनं बोटांवर हिशोब केला. दहा ॲम्प्युल म्हणजे हजार मिलिग्राम. वीस मिनिटं.

"हे कागद पहिल्यापासून येतात?"

"येतात."

"गिरजाबाईच्या वेळचा होता?"

"असंल," मी म्हणालो. असेल काय, होताच. तो कुणाच्या तरी तापाच्या गोळ्यांबरोबर गावोगाव गेला होता.

ती बाकावर बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, "वारलूभाऊले सांगू का?" आणि मी, शहाण्यासुरत्या माणसाचा आव आणून, म्हणालो, "काय सांगशील? मलेरिया होताच की. सांगून ती परत येणार आहे का? उगाच झाकलेली जखम उघडू नको." हा सल्ला मी तिच्या भल्यासाठी दिला असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

"त्याईच्या घरी जेवाले बसली की घास उतरत नाई, भाऊ."

"मग नको जात जाऊ."

"तिथी नाई गेली तं कुठी जाऊ?"

मी शटर ओढलं. जेवणाची सुटी झाली होती.

त्या दिवसापासून ती हळूबाई झाली. प्रत्येक खोक्यातला कागद ती माझ्याकडून वाचून घ्यायची. पाहिजे ते मराठीत लिहून काढून तिनं वॉर्डातल्या कपाटाच्या दारावर चिकटवलं. आमच्या जिल्ह्यात हात आपोआप ग्लुकोजच्या बाटलीकडे जातो, कारण मलेरियाचं क्विनाइन ग्लुकोजमध्ये देतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर आम्ही दुसरं काही देतच नाही. नवीन नर्स आली की खैरुन तिच्यासमोर ग्लुकोजमध्ये फेनिटॉइनचे चार थेंब टाकून दाखवायची. पाणी गढूळ व्हायचं. "हे शिरेत जाईल का?" एवढंच विचारायची. नवीन पोरी तिच्या पाठीमागे तोंडाला पदर लावून हसायच्या, पण विसरायच्या नाहीत.

खरी लढाई मात्र नातेवाइकांशी असायची. आमच्याकडची रीतच आहे: सलाईन लावून नर्स वळली की रोग्याचा माणूस नळीवरची चाकी सैल करतो. बाटली लवकर संपली की ताकद लवकर येते, आणि चारची जीपही मिळते. मी स्वतः माझ्या आईची चाकी सैल केलेली आहे, तेव्हा लोकांना काय नावं ठेवू? खैरुन मात्र झटक्याचं औषध चालू असलं की खाटेशी उभी राहायची. मनगटी घड्याळ उशीवर काढून ठेवायची, एक हात चाकीवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी नाडी धरायला लावायची. कोणी बोललं तर ऐकायची नाही, कोणी रडलं तर वळायची नाही. आठ वर्षांत तिच्या हातून तसं कोणी गेलं नाही.

आणि २००१ च्या सप्टेंबरात, भर दुपारी, वारलू जीपमधून दिव्यानीला घेऊन आला.

पोरगी तेव्हा एकोणीस वर्षांची, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जायची. चार दिवसांचा ताप, अंगावर काढलेला. परीक्षा होती म्हणे. जीपमध्येच झटके सुरू झाले होते. खैरुननं तिला पाहिलं आणि क्षणभर तिचे हात नुसते लोंबत राहिले. मी आठ वर्षांत ते हात रिकामे पाहिले नव्हते. मग ती कामाला लागली.

डॉक्टर तरुण होता, पण डोक्यानं बरा. रक्तातली साखर पाहिली, क्विनाइनची बाटली एका हाताला लावली, झटक्याचं पहिलं इंजेक्शन सावकाश दिलं, थोड्या वेळानं पुन्हा दिलं. झटके थांबेनात. "सिस्टर, फेनिटॉइन. चाळीस किलो धरू, आठ ॲम्प्युल." तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली; तिथं एक बाई रक्तानं भिजली होती. तो खैरुनकडे बघून म्हणाला, "तुम्ही बघाल ना?" आणि धावला. खैरुननं दुसऱ्या हाताला वेगळी सुई लावली, साध्या सलाईनमध्ये औषध मिसळलं, घड्याळ उशीवर ठेवलं. "रामाजीभाऊ, नाडी धरा. दुसऱ्या कोणाले नाई सांगत मी." मी दिव्यानीचं मनगट धरलं. ते माझ्या हातात उडत होतं.

पाच मिनिटं गेली. सात गेली. खाटेच्या लोखंडाचा आवाज सारखा चालू होता. वारलू पायथ्याशी उभा होता, डोळे नळीवरच्या थेंबाला लागलेले. "बाई, काऊन इतकं हळू देऊन राह्यल्या? पोरगी चालली माही!" खैरुन म्हणाली, "भाऊ, थांबा." अकराव्या मिनिटाला माझ्या बोटांखाली नाडी बारीक झाली. मी सांगितलं. तिनं दाब मोजला, ऐंशीला आला होता. तिनं चाकी पूर्ण बंद केली आणि दाब चढावा म्हणून खाटेचा पायथा विटांवर उचलून घेतला.

थेंब थांबलेला वारलूनं पाहिला. झटके अजून थांबले नव्हते. त्याचं भान सुटलं. "औषध बंद काऊन केलं? गिरजेले तं दोन मिनिटांत देलं होतं तुमी! दोन मिनिटांत शांत झाली होती ते! माह्या पोरीलेच काऊन तरसवता?" आणि त्याचा हात चाकीवर पडला. नांगर धरणारा हात तो. खैरुननं दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं, पण तिची ताकद पुरणार नव्हती हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"वारलूभाऊ," ती म्हणाली, ओरडून नाही, "गिरजाबाईले मी लवकर देलं, म्हणून तिचा जीव गेला. झटका नाई थांबला तिचा, काळीज थांबलं. वीस मिनिटांची सुई मी दोन मिनिटांत देली. आता हे चाकी फिरवाची असंल तं फिरवा."

वॉर्डात बाकीचे रोगी होते, त्यांची माणसं होती. वारलूचा हात चाकीवरच राहिला, पण बोटं सैल झाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. आठ वर्षं त्याच्या घरी जेवलेली, त्याच्या पोरीच्या वेण्या घातलेली बाई त्यानं जणू आज पहिल्यांदा पाहिली.

"तुमाले तवाच मालूम होतं?"

"नाडी गेली तवाच."

"आन कोणाले मालूम होतं?"

मी तिथंच होतो, दोन हातांवर, दिव्यानीचं मनगट धरून. कागद मी फाडला होता. सल्ला मी दिला होता. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

"कोणालेच नाई," खैरुन म्हणाली. "भाऊ, हात काढा."

त्यानं हात काढला आणि तो भिंतीशी जाऊन खाली बसला. दाब नव्वदच्या वर आला तेव्हा तिनं चाकी पुन्हा उघडली, आधीच्या निम्म्यानं. उरलेलं औषध जायला आणखी अठरा मिनिटं लागली. शेवटच्या काही मिनिटांत माझ्या हातातलं मनगट उडायचं थांबलं, आणि नाडी मात्र चालू होती, स्पष्ट, एकसारखी. मला रडू फुटलं. मी मनगट सोडलं नाही, कारण सोडून मग तोंड कुठं लपवायचं हे कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दिव्यानीनं डोळे उघडून आधी पाणी मागितलं, मग मावशीला विचारलं. खैरुन आली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. वारलू स्टुलावर बसला होता. तो तिच्याशी वाकडं बोलला नाही, आणि सरळही बोलला नाही. पोरीला त्यानं काहीच सांगितलं नाही. आजारी जीवाला कशाला, असं मनाशी म्हणाला असेल. घरी न्यायच्या दिवशी तो वऱ्हांड्यात खैरुनसमोर उभा राहिला. मी खिडकीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी तुमच्यानं वाचली," तो म्हणाला. "माय तुमच्यानं गेली. मी तुमाले का म्हणू, सांगा बाई?"

खैरुन म्हणाली, "काईच नका म्हणू, भाऊ."

त्या वर्षी दिवाळीला तिला बोलावणं आलं नाही. तिनं कोणाजवळ तक्रार केली नाही. एका दुपारी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली: जिवतीला बदली. जिवतीचं नाव काढलं की आमच्याकडची माणसं आजारी रजेवर जातात, इतकं आडवळणी. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सही केली. अर्ज लिहिता लिहिता मी म्हणालो, "माझं नाव घेतलं नाईस तू त्या दिवशी." ती म्हणाली, "तुमाले इथीच राहायचं आहे. लेकरंबाळं आहेत." मला हायसं वाटलं. खरं सांगतो, आधी हायसं वाटलं. लाज नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

दिव्यानी डिसेंबरात आली, झटक्याच्या गोळ्या न्यायला; तोवर वारलूच येऊन न्यायचा. महिन्याभरापूर्वी खैरुन बदलीवर गेली होती. पोरगी आधी क्वार्टरकडे गेली असावी, कारण खिडकीशी आली तेव्हा धापा टाकत होती.

"रामाजीकाका, मावशीच्या दाराले कुलूप आहे. मावशी कुठी गेली?"

"जिवतीला. बदली झाली."

"काऊन?"

मागं वीसेक माणसं रांगेत होती. शटर वर होतं. पोरगी सरळ माझ्याकडे पाहत होती आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"सरकारी काम," मी म्हणालो. "वरून ऑर्डर येते."

तिनं खिडकीच्या कठड्यावरून हात काढला. "मले सांगूनबी नाई गेली," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, माह्यावर तिचा जीव आहे."

मी तिला महिन्याच्या गोळ्या दिल्या, रोज झोपताना घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत, असं सांगितलं, आणि पुढच्याचं नाव पुकारलं.